सुवार्ताची साक्ष

"सगळ्यांच्या झाल्यात शिस्टर, तुमची तेवढी राहिली," असं म्हणत ग्रामसेवक हणमंतरावांनी कागद टेबलावर ठेवला आणि खिशातलं पेन उघडून त्याच्यावर आडवं ठेवलं.

अहमदपूर तालुक्यातल्या लिंबवाडीच्या आरोग्य उपकेंद्रातली ती सकाळ होती. लातूर वेगळा जिल्हा होऊन चार वर्षं होत आली होती. उस्मानाबादचे हेलपाटे वाचले म्हणून लोक खूश होते. पण पावसाला नव्या जिल्ह्याचं काही कौतुक नव्हतं. लागोपाठ दोन वर्षं त्यानं दगा दिला होता आणि आता एप्रिलातच गावाच्या आडात बादली टाकली की खडकावर आपटल्याचा आवाज येत होता.

आरोग्य सेविका सुवार्तानं कागद वाचला. टंचाईचा पंचनामा होता. गावच्या शिवारातल्या सर्व सरकारी आणि खासगी विहिरी कोरड्या पडल्या आहेत, सबब गावास टँकर मंजूर व्हावा, असं त्यात लिहिलं होतं. खाली सरपंच, तलाठी आणि दोन पंचांच्या सह्या होत्या. त्या वर्षी तहसीलदारांनी आरोग्य सेविकेचीही सही मागितली होती. कारण विहिरींत औषधाची पावडर टाकत शिवारभर फिरणारी तीच. कुठल्या विहिरीत किती पाणी आहे, हे तिच्याइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं.

आणि म्हणूनच तिचा हात थांबला. चारच दिवसांपूर्वी ती सरपंच माणिकप्पांच्या मळ्यातल्या विहिरीवर गेली होती. खाली वाकून पाहिलं तेव्हा पाण्यात तिचा चेहरा दिसला होता. तीन परस, म्हणजे तीन माणसं बुडतील एवढं खोल पाणी सहज असेल. तिच्या वहीत तसं लिहिलेलंही होतं.

"हणमंतराव, अप्पांच्या विहिरीला पाणी आहे की."

"हाय ना. पन ती दाखवली तर टँकर मिळतो का? साहेब म्हनतील, ती विहीर ताब्यात घ्या अन् गावाला पाजा. मग अप्पाच्या मोसंबीनं काय करायचं? साठ झाडं हायत. लेकरावानी वाढवलीत." हणमंतराव वाईट माणूस नव्हता. त्यानं आवाज खाली घेतला. "आन् शिस्टर, हे काय आपल्याच गावात व्हऊन राहिलंय का? समदे करतात."

सुवार्ताच्या डोळ्यांसमोर माणिकप्पा आले. गळ्यात लिंग, कपाळावर भस्माचे पट्टे, मोठ्या मनाचा माणूस. सहा वर्षांपूर्वी ती या गावात आली तेव्हा ख्रिस्ती बाईला खोली द्यायला कुणी तयार नव्हतं. माणिकप्पांनीच आपल्या चौसोपी वाड्यामागची जागा दिली. गावातल्या चार ख्रिस्ती घरांना रविवारच्या प्रार्थनेसाठी पत्र्याचं खोपटं बांधू दिलं तेही त्यांनीच. गावात टँकर आला तर बायाबापड्यांचे हाल वाचतील, हेही खरंच होतं. खोटं होतं ते फक्त एक वाक्य. तेवढ्यासाठी साऱ्या गावाच्या विरोधात जायचं?

तिनं सही केली.

आठव्या दिवशी टँकर आला. लिंबवाडीच्या चावडीपुढं घागरींची रांग लागली. बाया एकमेकींना हसून सांगत होत्या की शिस्टरच्या सहीनं पाणी आलं. माणिकप्पांनी भर चौकात तिला म्हटलं, "शिस्टर, तुमी आमच्या गावच्या लेक झालात." सुवार्ताला ते फार बरं वाटलं. आपल्या समाजाची मान आपण या गावात उंच केली, असं तिला वाटलं. पुढच्या रविवारी पत्र्याच्या खोपटात उपासना झाली, तेव्हा ती सगळ्यांपुढं उभी राहिली आणि तिनं साक्ष दिली की आम्ही गुडघे टेकले, प्रभूनं ऐकलं आणि गावात पाणी आलं. सगळ्यांनी आमेन म्हटलं. फक्त तिची सासू मार्थाबाई शेवटच्या चटईवर बसून सुनेकडं नुसती पाहत राहिली. तिनं आमेन म्हटलं की नाही, हे सुवार्ताला कळलं नाही.

त्यानंतरच्या मंगळवारी सुवार्ताची माळावरच्या तांड्याची फेरी होती. लिंबवाडीपासून दोन कोसांवर, खडकाळ माळाच्या टोकाला बंजारा समाजाची तीस-पस्तीस घरं होती. एरवी तिची छत्री लांबून दिसली तरी तांड्यातली पोरं पळत येत. त्या दिवशी एकही आलं नाही.

पहिल्याच झोपडीच्या दारात तुळजाबाई बसली होती. तिच्या मांडीवर दोन वर्षांची मुलगी होती. डोळे खोल गेलेले, ओठ पांढरेफटक. सुवार्तानं तिच्या पोटाची कातडी चिमटीत धरून सोडली, तर ती घडी तशीच राहिली.

"कधीपासून?"

"परवापासून जुलाब सुरू हायत बाई. हिला एकलीला न्हाई, नऊ लेकरांस्नी."

सुवार्तानं पिशवीतून मीठ-साखरेची पुडी काढली. हजार वेळा केलेलं काम होतं ते. पुडी फाडली आणि ती म्हणाली, "पाणी आण. उकळून गार केलेलं असेल तर बरंच."

तुळजाबाईनं उठून आतून गडवा आणला. सुवार्तानं आत पाहिलं. पाणी कसलं, तो पातळ चिखल होता. त्यात बारीक अळ्या वळवळत होत्या.

"कुठलं हे?"

"ओढ्यात खड्डा उकरलाय. रातभर पाझरलं की चार गडवे निघतं. ढोरं बी तिथंच येतात."

फाडलेली पुडी सुवार्ताच्या हातात तशीच राहिली. औषध होतं, पण ते कालवायला पाणी नव्हतं. अखेर तिनं स्वतःचा फिरकीचा तांब्या काढला. घरून निघताना टँकरचं पाणी उकळून त्यात भरून घेतलं होतं. त्यात तिनं पुडी कालवली आणि चमच्या-चमच्यानं मुलीच्या ओठांत पाणी सोडू लागली. बाकीच्या आयाही आपापली लेकरं घेऊन येऊन बसल्या. एक तांब्या आणि नऊ लेकरं.

"तुम्ही टँकरची मागणी केली नाही का?" तिनं विचारलं.

"केली की. फागुनातच केली. आमचं नाव पैलं होतं," तुळजाबाई म्हणाली. तिच्या बोलण्यात राग नव्हता. जणू ऊन-वाऱ्याबद्दल बोलावं तसं ती सांगत होती. "मागल्या आठवड्यात आमची माणसं अहमदपूरला गेलती. साहेब मनले, इकडच्या भागाला एकच टँकर हाय. लिंबवाडीत एक बी विहीर उरली न्हाई असा कागद आलाय, गाव मोठं हाय, मनून तिकडं दिला. मिळू द्या बापडं. तहान तर समद्यांस्नीच लागती."

त्या कागदावर आपलीच सही होती, हे सुवार्ताला कळलं. तांड्यातल्या बाया पाहत होत्या, म्हणून ती मुलीला चमच्यानं पाणी पाजत राहिली.

बैलगाडी जुंपून तिनं सगळ्यांत जास्त आजारी असलेली तीन मुलं डांबरी रस्त्यापर्यंत नेली आणि तिथून एस.टी.नं अहमदपूरच्या दवाखान्यात. सलाईन लागली. संध्याकाळी तुळजाबाईच्या मुलीनं डोळे उघडून आईच्या बांगडीशी खेळायला सुरुवात केली, तेव्हाच सुवार्ता तिथून उठली.

घरी आली तर मार्थाबाई दारात ज्वारी निवडत बसली होती. मार्थाबाईला लिहिता-वाचता येत नव्हतं. तरुणपणी ती मिशनच्या दवाखान्यात आया होती. तिथं रोज सकाळी शास्त्र वाचलं जाई, ते ऐकून ऐकून तिला पानंच्या पानं पाठ झाली होती. सुवार्ताचा नवरा किनवटला आश्रमशाळेत शिक्षक, पंधरा दिवसांतून एकदा येणारा. त्यामुळं घरात या दोघीच असत, आणि सासूसुनेचं नातं कधीच मायलेकीचं होऊन गेलं होतं.

सुवार्तानं पिशवी ठेवली आणि सगळं सांगितलं. सही, टँकर, तांडा, तो गडवा. सांगताना ती रडली नाही, पण शेवटी म्हणाली, "आत्याबाई, मी पैसा घेतला नाही. एक छदामही नाही."

"शाबासकी घेतलीस की," मार्थाबाई म्हणाली. सूप तिनं बाजूला सारलं. "पैसा घेनाराला निदान ठावं असतं की आपन खाल्लंय. शाबासकी खाल्लेली कळत न्हाई, माय. ती गोड लागती."

"पण अप्पांचे आपल्यावर उपकार आहेत. त्यांनी जागा दिली नसती तर आपण कुठं गेलो असतो?"

"उपकार हायतच. त्यांच्या घरी दुखलं-खुपलं तर आपन आधी धावायचं. त्यांच्यासाटी रोज प्रार्थना करायची. पन जागेच्या बदल्यात जबान द्यायची न्हाई. जबान त्यांची न्हाई अन् तुझी बी न्हाई, ती देवाची हाय." तिनं पदराला लागलेला कोंडा झटकला. "प्रभूनं डोंगरावर बसून काय शिकवलं? तुमचं होय ते होयच असावं अन् न्हाई ते न्हाईच. मधलं समदं सैतानाकडून येतं. हे आपन दर रविवारी वाचतो. ह्या गावात आपलं शास्त्र कुनी उघडून बघितलंय का? कुनी न्हाई. पन तुझ्या वहीत लिहिलं की विहिरीत औषद टाकलंय, तर समदं गाव ते पानी बिनघोर पितं. मंग सांग, त्यांच्यापुढं आपलं शास्त्र कोन?"

सुवार्तानं बाजूला सारलेलं सूप पुढ्यात ओढलं आणि ती ज्वारी निवडू लागली.

"आन् त्या दिवशी तू उभी राहून साक्ष दिलीस," मार्थाबाईचा आवाज आता हळू झाला. "कागदात काय लिवलंय ते मला ठावं न्हवतं. पन अप्पाच्या विहिरीला पानी हाय, हे तूच मला सांगितलं होतंस. म्हनून माझ्या तोंडातून आमेन निघालं न्हाई. देवाच्या नावावर खोटं खपवायचं, हे लई जड असतं माय."

"मग आता मी काय करू? तहसीलला कळवलं तर नोकरीवर येईल."

"येईल कदाचित," मार्थाबाई म्हणाली. तिनं खोटा धीर दिला नाही. "पन आधी तहसीलला जाऊ नको. भावाचं काही चुकलं तर पैल्यांदा त्याला एकट्याला गाठून सांगावं, असं लिवलंय. आधी अप्पाकडं जा. त्यांच्या पाठीमागं काही करू नको."

दुसऱ्या दिवशी सूर्य उगवायच्या सुमारास सुवार्ता मळ्यात गेली. माणिकप्पा मोसंबीच्या आळ्यात पाणी सोडत होते. त्यांची बायको गौरम्मा बांधावर गाईची धार काढत बसली होती. साऱ्या शिवारात तेवढाच एक हिरवा तुकडा उरला होता, आणि तो या माणसानं खरोखरच घाम गाळून राखला होता.

"अप्पा, मी तुम्हाला सांगायला आले आहे," ती म्हणाली. "आज मी अहमदपूरला जाते. माझी सही खोटी होती, असं तहसीलदारांना लिहून देते."

माणिकप्पांना आधी कळेचना. कळलं तेव्हा त्यांच्या हातातलं फावडं खाली आलं.

"शिस्टर, तुमास्नी ह्या गावात उभं कोन करून घेतलं?"

"तुम्ही. ते मी मरेपर्यंत विसरणार नाही."

"आन् हे त्याचं बक्षीस व्हय? तुमच्या प्रार्थनेच्या खोपटाची जागा कुनाची हाय, ठावं हाय ना? माझा एक शब्द गेला तर तुमची बदली पार औरादला, सरहद्दीवर होईल."

"झाली तर जाईन अप्पा. जागा परत मागितलीत तर आम्ही झाडाखाली बसू. पण माळावर नऊ लेकरं चिखल पिऊन आजारी पडली. त्यातली तीन काल मी दवाखान्यात नेली. त्यांचा टँकर आपण आणलाय. तुमच्या एकट्याच्या नाही, माझ्या सहीनं आणलाय. तुमचा दोष मी सांगत फिरणार नाही. मी माझा सांगणार आहे."

माणिकप्पांनी फावडं उचललं आणि ते आळ्याकडं वळले. गौरम्माच्या हातातली दुधाची कासंडी मात्र तशीच राहिली होती. "नऊ लेकरं?" तिनं एवढंच विचारलं. सुवार्तानं मान हलवली आणि ती एस.टी. गाठायला निघाली.

तहसीलदारांनी तिचा अर्ज दोनदा वाचला. नोकरी धोक्यात घालून स्वतःची चूक लेखी देणारा कर्मचारी त्यांनी पूर्वी पाहिला नसावा. "बाई, चौकशी लागेल. माहीत आहे ना?" त्यांनी विचारलं. "हो साहेब," ती म्हणाली, "पण तांड्याला पाणी आजच लागेल."

गावात ही बातमी तिच्या आधी पोचली. तिन्हीसांजेला ती चावडीवरून गेली तर कालपर्यंत 'शिस्टर, शिस्टर' करणाऱ्या बायांनी तोंडं फिरवली. कुणीतरी ऐकू जाईल असं म्हणालं, "परकी ती परकीच." पुढचे तीन दिवस उपकेंद्रात एकही माणूस आला नाही; ती रोज उकळलेल्या पाण्याची कळशी घेऊन तांड्यावर जात राहिली. हणमंतरावही डोळा चुकवून जाऊ लागले. रविवारी तिनं खोपटात उभं राहून मागची साक्ष परत घेतली. "प्रार्थनेनं पाणी आलं असं मी म्हटलं, ते खरं नव्हतं. माझ्या खोट्यानं आलं होतं," एवढंच ती बोलली. कुणी आमेन म्हटलं नाही. मार्थाबाईनं मात्र उठून तिच्या डोक्यावरून हात फिरवला.

सोमवारी तहसीलची जीप आली. साहेब चावडीवर बसले. सारं गाव जमलं. सुवार्ता एका बाजूला उभी होती. साहेबांनी सरळ विचारलं, "सरपंच, तुमच्या विहिरीला पाणी आहे की नाही? आत्ता जाऊन पाहणारच आहे."

विहिरीत चार बैलगाड्या दगड टाकायचा किंवा दोन दिवस मोटार लावून पाणी उपसून टाकायचा सल्ला कुणीकुणी माणिकप्पांना दिला होता. तेवढा वेळ त्यांच्याकडं होताही. सारं गाव त्यांच्या तोंडाकडं पाहू लागलं.

"हाय साहेब," माणिकप्पा म्हणाले. "तीन परस पानी हाय. लिहून घ्या. आन् ताब्यात घ्यायचा कागद नंतर करा, गाव आत्तापासूनच भरंल. घरच्या बाईनं सकाळीच मळ्याचं फाटक काढून ठिवलंय."

लोकांत कुजबूज उठली. माणिकप्पांनी हात वर केला.

"मी लई रागात होतो, खोटं कशाला बोलू. ही बाई माझ्या पाठीमागून गेली असती, तर मी तिला ह्या गावात राहू दिलं नसतं. पन ती उजाडायच्या आत माझ्या मळ्यात आली अन् तोंडावर बोलली. माझं नाव न घेता सोताचं नाव घेतलं. त्या दिसापासून गौरम्मा माझ्या ताटात भाकर वाढती, पन बोलत न्हाई. काल एकच शब्द बोलली. मनली, ती नोकरीवर पानी सोडायला तयार झाली, तुमच्यानं झाडावरचं पानी सोडवत न्हाई? आमचा धर्म बी घामाचं खा अन् खरं बोल असंच सांगतो. तिनं तिच्या देवाचं ऐकलं. मी माझ्या देवाचं कामून ऐकू नये?"

त्याच दुपारी टँकर माळावर गेला. लिंबवाडीच्या बाया माणिकप्पांच्या मळ्यातून पाणी वाहू लागल्या. घागरी घेऊन थोडं जास्त चालावं लागलं, त्यामुळं दोन-चार दिवस कुरबूर झाली आणि मग थांबली. त्या उन्हाळ्यात साठांपैकी चाळीस मोसंबी वाळल्या. माणिकप्पांनी त्या आपल्या हातानं तोडल्या. तांड्यातल्या नऊही मुलांनी मात्र पावसाळा पाहिला.

चौकशी चुकली नाही. जूनमध्ये सुवार्ताला लातूरला बोलावणं आलं. नव्या जिल्ह्याची कार्यालयं अजून मिळेल त्या इमारतीत भरत होती. एका भाड्याच्या घराच्या माडीवर आरोग्य अधिकारी बसले होते. मार्थाबाई हट्टानं सोबत आली होती. जिना चढून वर गेल्या तर बाकावर पांढऱ्या धोतरात, ठसठशीत भस्म लावून माणिकप्पा बसलेले. पहाटेच्या गाडीनं ते स्वतःहून आले होते.

अधिकाऱ्यांनी फाईल चाळली. "सिस्टर, तुम्ही खोट्या पंचनाम्यावर सही केली, हे मान्य आहे?"

"हो साहेब. माझी चूक आहे. जी शिक्षा द्याल ती मला मान्य आहे."

अधिकाऱ्यांनी माणिकप्पांकडं पाहिलं. "सरपंच, तुमचं काय म्हणणं? यांची बदली हवी आहे का?"

माणिकप्पा उठून उभे राहिले. टोपी नीट केली. "साहेब, चूक तिची हाय तशी माझी बी हाय, तिच्याहून मोठी हाय. शिक्षा द्या. पन बदलीचं मनाल तर माझी तोंडी अर्जी लिहून घ्या. लिंबवाडीत साडेअकराशे मानसं हायत. त्यात ख्रिस्ती घरं चार. त्या चार घरातली ही बाई आमची इज्जत हाय. तिचा धर्म येगळा असंल, पन ती आमच्या गावची हाय अन् आमी तिचे हाव. तिला हलवायचं असंल तर आधी सरपंचाला हलवा."

अधिकारी बराच वेळ काही लिहीत राहिले. सेवापुस्तकात सक्त ताकीद नोंदली गेली, ती सुवार्तानं मान वाकवून स्वीकारली. बदलीच्या रकान्यापुढं त्यांनी लिहिलं: आवश्यकता नाही.

खाली रस्त्यावर आल्यावर माणिकप्पा मार्थाबाईला म्हणाले, "आजी, सून लई जिद्दीची हाय तुमची." मार्थाबाईनं पदर सारखा केला. तिच्या सुरकुतलेल्या चेहऱ्यावर असा अभिमान फुलला होता की रस्त्यानं जाणारी माणसंही वळून पाहत होती. "माझी कसली," ती म्हणाली, "ज्याची हाय त्यानंच तिला उभी केली. चला, च्या पिऊ." आणि लातूरच्या बाजारपेठेत एका हॉटेलच्या बाकड्यावर ती तिघं शेजारी शेजारी बसून चहा प्याली.

वाचकहो, देवाचं वचन तोंडपाठ असणं सोपं आहे. देवळात उभं राहून ते मोठ्यानं वाचणं त्याहून सोपं. त्याचं खरं वाचन होतं ते कचेरीतल्या टेबलावर, जेव्हा समोर कागद असतो आणि शेजारचा माणूस म्हणतो, सगळेच करतात. चूक सुवार्ताचीही झाली. देवभीरू माणूस कधीच चुकत नाही असं नाही. पण चुकलं म्हणून तो लपत नाही. ज्याचं नुकसान झालं त्याच्याकडं आधी वळतो, आणि आपल्या चुकीची किंमत दुसऱ्याला मोजू देत नाही. असं एक माणूस गावात उभं राहिलं की शेजारच्यालाही आपापला धर्म आठवतो. आपलं होय हे होयच असू द्या आणि नाही हे नाहीच. मग साऱ्या गावाला आपला अभिमान वाटेल, आणि तो अभिमान वाटायला कुणाचीही तहान गहाण पडलेली नसेल.